टीएसएच नॉर्मल आले, पण थकवा तसाच आहे

आपल्या पत्रातील माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही पुढचे संदर्भ लागतील. आपले वय ४३, वजन ६२ किलो, आपण शाळेत शिक्षिका आहात. सोळा महिन्यांपूर्वी टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला काम करायला सांगणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते वाढते) ३८ आले, अँटी-टीपीओ प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे, बरीच वाढलेली होती, आणि थायरॉक्सिनचा, म्हणजे ग्रंथीच्या संप्रेरकाची भरपाई करणाऱ्या गोळीचा, डोस टप्प्याटप्प्याने १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेला गेला. गेले दहा महिने डोस तोच आहे आणि या काळातले चार रिपोर्ट अनुक्रमे ५.९, २.२, ६.४ आणि २.८ असे आहेत. शेवटचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी थायरॉईड आता आटोक्यात असल्याचे सांगितले. परंतु चौथ्या तासाला फळ्यासमोर उभे राहवत नाही, केस विंचरले की फणीत पुंजका येतो, वजन उतरत नाही आणि समोर बसलेल्या मुलाचे नाव ऐन वेळी आठवत नाही. आपले प्रश्न तीन आहेत: डोस १२५ करून घ्यावा का, अमेरिकेतील नणंद घेते तशी टी-३ (थायरॉईडचे दुसरे संप्रेरक) असलेली गोळी आपल्याला चालेल का, आणि हे सगळे मनाचे खेळ तर नाहीत ना.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सर्वांत सोपे आहे: नाहीत. थायरॉक्सिन घेणाऱ्या आणि टीएसएच नॉर्मल असलेल्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांना थकवा, जडपणा, विसराळूपणा यांपैकी काही ना काही त्रास होत राहतो, ही बाब युरोपातील थायरॉईड तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत नोंदवलेली आहे. मात्र त्रास खरा आहे म्हणजे तो थायरॉईडचाच आहे, असा अर्थ होत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक गोंधळ या दोन वाक्यांची गल्लत झाल्यामुळे होतो. काही डॉक्टर पहिले वाक्य विसरतात आणि पुष्कळ रुग्ण दुसरे.

आता आपल्या चार रिपोर्टांकडे पाहू, कारण आपल्या पत्रातील सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे आणि तिच्याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. ज्यांची स्वतःची ग्रंथी जवळजवळ थांबलेली आहे अशांना पूर्ण भरपाईसाठी दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते. आपल्या वजनाला तो आकडा ९९ येतो. म्हणजे कागदावर आपला डोस अगदी नेमका आहे. असे असताना डोसला हात न लावता टीएसएच ६ च्या आसपास चढते, पुन्हा २ च्या आसपास उतरते आणि पुन्हा चढते, याचा अर्थ एकतर गोळी रोज सारख्या प्रमाणात रक्तात पोहोचत नाही किंवा तपासणीच अधूनमधून फसते आहे. आपण लिहिलेल्या दिनक्रमावरून मला दोन्हींची शक्यता दिसते.

आपण सकाळी सहाला गोळी घेता, तीही बहुतेकदा चहा उकळत असताना, आणि दहा मिनिटांत दुधाचा चहा व खारी होते. शाळेत निघण्यापूर्वी, साडेसातच्या नाश्त्यावर, स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेली लोहाची व कॅल्शियमची गोळी घेता. थायरॉक्सिन लहान आतड्यातून शोषले जाते आणि अनशापोटी घेतले तरी ते ७० ते ८० टक्केच अंगाला लागते. दूध, कॉफी, सोयाबीन, इसबगोल यांनी हे प्रमाण घटते. लोह आणि कॅल्शियम तर आतड्यातच थायरॉक्सिनला चिकटून बसतात आणि त्याला पुढे जाऊ देत नाहीत. त्यामुळे गोळी आणि चहा यांत किमान अर्धा तास, शक्य तर एक तास हवा, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनंतर घ्यावे. आपल्याला ते दुपारच्या जेवणानंतर किंवा रात्री घेता येईल. ज्या महिन्यात आपण लोहाची गोळी नियमित घेतली त्या महिन्यानंतरचा रिपोर्ट ६.४ आला आणि गोळ्या संपल्यावरचा २.८, हे आपणच दोन वेगवेगळ्या ओळींत लिहिले आहे. त्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोलसारखी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तरीही शोषण कमी होते, कारण थायरॉक्सिनची गोळी विरघळायला जठरातले आम्ल लागते.

सकाळची धावपळ टाळणे शक्यच नसेल तर गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेण्याचा पर्याय आहे. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्री गोळी घेणाऱ्यांचे टीएसएच सकाळच्या तुलनेत चांगले उतरले होते. त्याच अभ्यासात रुग्णांना स्वतःला वाटणाऱ्या बरेपणात मात्र फरक पडला नाही, तेव्हा ही युक्ती आकडा स्थिर करण्यासाठी आहे एवढेच ध्यानात ठेवावे. ज्यांच्याकडे रात्रीचे जेवण साडेनऊला होते त्यांना ती जमत नाही, हेही खरे.

गोळी चुकण्याबद्दल आपण काही लिहिलेले नाही, म्हणून विचारते. माझ्याकडे एक बाई सहा वर्षे येत होत्या. त्यांचे टीएसएच कधी १२, कधी ३, आणि प्रत्येक वेळी "रोज घेते हो" हेच उत्तर. एकदा मी त्यांना बाटली घेऊन यायला सांगितले. शंभर गोळ्यांची बाटली, झाकणावर त्यांनीच पेनाने घातलेली उघडल्याची तारीख, आणि त्या तारखेला १३० दिवस उलटून गेलेले. टेबलावर कागद पसरून गोळ्या मोजल्या तेव्हा ४४ उरलेल्या होत्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. सणवार, पाहुणे, गावी जाणे आणि आठवड्याचे दोन उपवास, ज्यांत "गोळी चालते का" या शंकेने ती राहून जायची, हे सगळे मिळून निम्म्याहून अधिक गोळ्या चुकल्या होत्या. शिवाय बाटली गॅसच्या वरच्या फळीवर असायची. उष्णता, दमटपणा आणि उजेड यांनी थायरॉक्सिन निकामी होत जाते. उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यावी. एखादा दिवस चुकलाच तर हृदयविकार नसलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी चालते, कारण थायरॉक्सिन रक्तात रेंगाळणारे औषध आहे. त्याचे अर्धे प्रमाण उतरायला सुमारे सात दिवस लागतात. तपासणीच्या आधीचे चार-पाच दिवस मात्र मन लावून गोळ्या घेण्याने काही साधत नाही. तशा रिपोर्टात टी-४ (म्हणजे थायरॉक्सिन) भरपूर आणि टीएसएचही चढलेले दिसते, आणि ती जोडी पाहिली की अनुभवी डॉक्टरला काय घडले ते कळते.

आता तपासणी फसण्याबद्दल. केस गळतात म्हणून आपण बायोटिन या जीवनसत्त्वाची १० मिलिग्रॅमची गोळी "मध्येमध्ये" घेता, असे पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. ही ओळ मी दोनदा वाचली. अनेक प्रयोगशाळांमधील टीएसएचच्या तपासणीत बायोटिनचाच रासायनिक पकड म्हणून उपयोग केलेला असतो; रक्तात बाहेरून आलेले बायोटिन जास्त असेल तर टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी आणि टी-३, टी-४ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतात. म्हणजे आपला २.२ किंवा २.८ हा "चांगला" आकडा खराखुरा नसण्याचीही शक्यता आहे. तपासणीपूर्वी किमान दोन पूर्ण दिवस बायोटिन बंद ठेवावे. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या "हेअर, स्किन, नेल" प्रकारच्या गोळ्यांचे वेष्टनही यासाठी वाचावे. रक्त दर वेळी त्याच प्रयोगशाळेत, सकाळी साधारण त्याच वेळी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्यावे. टीएसएच दिवसभर सारखे नसते, पहाटे ते वरच्या बाजूला असते, आणि गोळीनंतर काही तास फ्री टी-४ (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन) चढलेले दिसते.

समजा हे सर्व सुरळीत झाले आणि टीएसएच खरोखर स्थिर राहिले, तरी बरे वाटायला वेळ लागतो. डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणून त्याआधी केलेली तपासणी वाया जाते. शरीर त्याच्याही मागून येते. बद्धकोष्ठ आणि थंडी वाजणे लवकर कमी होते, त्वचेचा कोरडेपणा त्यानंतर, आणि केस सर्वांत शेवटी, कारण आज गळणारा केस दोन-तीन महिन्यांपूर्वीच मुळाशी सुटलेला असतो. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे केस अधिक गळू शकतात, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण गोळीच बंद करतात. वजनाबद्दल माझे उत्तर कोणालाच आवडत नाही: थायरॉईड मंदावल्याने वाढलेले वजन बहुतेकदा दोन ते पाच किलोंच्या आत असते आणि त्यातला मोठा भाग अंगात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. त्याहून जास्त वाढलेल्या वजनाचा हिशेब या गोळीकडे मागू नये.

यापुढचा भाग आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आपल्याला लोह का दिले? पाळीत सहा-सात दिवस जास्त रक्तस्राव होतो म्हणून. हिमोग्लोबिन ११.१ होते एवढेच आपण लिहिले आहे. फेरिटिन तपासल्याचा उल्लेख नाही. फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहाचा साठा. तो तळाला गेला की हिमोग्लोबिन फार उतरण्याआधीच थकवा येतो, केस गळतात, जिना चढताना धाप लागते आणि लक्ष लागत नाही. ही यादी आपल्या तक्रारींशी ताडून पाहा. शिवाय थायरॉईडची कमतरता स्वतःच पाळीतील रक्तस्राव वाढवते, म्हणजे एक दुखणे दुसऱ्याला पोसत राहते आणि मग दुसऱ्यावरची गोळी पहिल्यावरच्या गोळीला अडवते. आपल्या बाबतीत नेमके हेच चक्र फिरते आहे असा माझा अंदाज आहे. खात्री फेरिटिनच्या रिपोर्टानंतरच देता येईल.

आपण शाकाहारी आहात, म्हणून बी-१२ पाहणेही आवश्यक आहे. त्यातही ज्यांचा थायरॉईड प्रतिपिंडांमुळे बिघडलेला असतो, ज्याला १९१२ साली त्याचे वर्णन करणाऱ्या जपानी शल्यविशारदावरून हाशिमोटोचा आजार म्हणतात, त्यांच्यात जठराच्या अस्तरावर हल्ला करणारी प्रतिपिंडेही इतरांपेक्षा जास्त आढळतात. असे जठर बी-१२ शोषून घेऊ देत नाही आणि थायरॉक्सिनही नीट विरघळवत नाही. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिॲक आजार याच कुळातला. डोस वजनाच्या मानाने फार जास्त लागत असेल आणि पोट वारंवार बिघडत असेल तर त्याचीही तपासणी करावी. रक्तातील साखर, ड जीवनसत्त्व, झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे, चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागण्याच्या काळातील झोपमोड, नैराश्य, या गोष्टी मी प्रत्येक रुग्णाला विचारते. नैराश्याचा प्रश्न विचारला की रुग्ण दुखावतात, पण तो विचारण्याचा अर्थ तक्रार खोटी ठरवणे असा नसतो. एक गोष्ट क्वचित दिसते, परंतु ती चुकवून चालत नाही: वजन वाढण्याऐवजी घटत असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, खारट खावेसे वाटत असेल आणि त्वचा काळवंडत असेल, तर थायरॉक्सिनचा डोस वाढवण्याआधी कॉर्टिसोल (मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक) तपासलेच पाहिजे, कारण या ग्रंथी निकामी असताना थायरॉक्सिन वाढवणे जिवावर बेतू शकते.

येथे थोडे विषयांतर करते, कारण हे उत्तर वाचणाऱ्या अनेकांचे मूळ टीएसएच आपल्यासारखे ३८ नसेल, ६ किंवा ७ असेल. थकवा आहे म्हणून तपासणी केली, टीएसएच ६.५ आले, २५ ची गोळी सुरू झाली, टीएसएच ३ वर आले आणि थकवा होता तिथेच आहे, ही कहाणी मी आठवड्यातून अनेकदा ऐकते. अशा रुग्णांना माझा पहिला प्रश्न "गोळी सुरू करण्यापूर्वीचा रिपोर्ट कुठे आहे?" हाच असतो. युरोपात ६५ वर्षांवरील, टीएसएच थोडेसेच वाढलेल्या ७३७ जणांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायरॉक्सिन घेणाऱ्यांना नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे वाटले नाही. वयाने तरुण असलेल्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीचा हिशेब तर पूर्ण वेगळा असतो. परंतु अशा अनेकांचा थकवा पहिल्यापासूनच थायरॉईडचा नव्हता, ही शक्यता गंभीरपणे घ्यावी.

आता डोस १२५ करण्याबद्दल. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे २००६ साली एक नेटका अभ्यास झाला. ५६ रुग्णांना कमी, मध्यम आणि जास्त असे तीन डोस, एकेकात २५ मायक्रोग्रॅमचे अंतर ठेवून, कोणता केव्हा चालू आहे हे न सांगता दिले गेले. टीएसएचची सरासरी २.८ वरून ०.३ पर्यंत उतरली, पण रुग्णांच्या तक्रारींत, उत्साहात किंवा पसंतीत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात हा धडा मी स्वतः चुकून शिकले आहे. रुग्ण बाई थकल्याचे सांगत राहिल्या, मी १०० चे १२५ आणि १२५ चे १५० केले. दोन महिन्यांनी त्या धडधड होते आणि रात्री झोप लागत नाही म्हणून परत आल्या. थकवा मात्र कायम होता. बी-१२ तपासले ते त्यानंतर, आणि ते अत्यंत कमी निघाले. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत साठीनंतरच्या ज्यांचे टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होते, त्यांना पुढील दहा वर्षांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एट्रियल फिब्रिलेशन हा विकार सुमारे तिप्पट झाला. पाळी थांबलेल्या स्त्रियांत त्याबरोबर हाडेही झिजतात. आपले टीएसएच नीट घेतलेल्या तपासणीत ४ च्या वर टिकून राहिले तर डोस थोडा वाढवणे योग्य ठरेल. गोळीच चहात आणि लोहात अडकत असताना डोस वाढवला, तर ज्या दिवशी ती नीट शोषली जाईल त्या दिवसापासून तो जास्त होऊ लागेल.

नणंदेच्या गोळीबद्दल. आपण दिलेल्या वर्णनावरून ती डुकराच्या वाळवलेल्या थायरॉईड ग्रंथीची गोळी दिसते. प्राण्यांच्या ग्रंथीचा उपचार जुना आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीला बरे केले आणि त्यानंतर ती २८ वर्षे जगली. अडचण प्रमाणाची आहे. माणसाची ग्रंथी टी-४ आणि टी-३ साधारण १४ ला १ या प्रमाणात सोडते. डुकराच्या ग्रंथीत ते सुमारे ४ ला १ असते. त्यामुळे गोळी घेतल्यावर काही तास टी-३ नको इतके चढते.

शुद्ध टी-३ थायरॉक्सिनला जोडण्यामागे मात्र विचार आहे. थायरॉक्सिन म्हणजे टी-४. पेशींमध्ये प्रत्यक्ष काम टी-३ करते. निरोगी माणसात टी-३ चा सुमारे ८० टक्के भाग ग्रंथीबाहेर, टी-४ पासून तयार होतो आणि उरलेला ग्रंथी थेट सोडते. ज्यांची ग्रंथी बंद आहे त्यांना हा उरलेला भाग मिळत नाही. बहुतेकांचे शरीर ती उणीव भरून काढते, काहींचे कदाचित पूर्णपणे काढत नसावे. लिथुआनियात ३३ रुग्णांवर झालेल्या १९९९ च्या अभ्यासात टी-३ जोडल्यावर मनःस्थिती सुधारल्याचे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढे अशा अकरा अभ्यासांतील बाराशेहून अधिक रुग्णांची माहिती २००६ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा सरासरीने फायदा आढळला नाही. काही अभ्यासांत रुग्णांनी मिश्र उपचाराला पसंती दिली हेही तितकेच खरे, म्हणून मी दार बंद करत नाही. टीएसएच सहा महिने स्थिर असेल, वर सांगितलेली सर्व कारणे तपासून झालेली असतील, हृदयाची तक्रार आणि गर्भधारणेचा विचार नसेल, तर टी-४ चा डोस थोडा कमी करून अगदी लहान मात्रेत टी-३, दिवसातून दोनदा विभागून, तीन महिन्यांपुरते द्यावे आणि गुण न आल्यास थांबवावे, अशी माझी पद्धत आहे. हे घरच्या घरी, कोणी परदेशातून आणून दिलेल्या गोळ्यांवर करू नये.

तेव्हा आपण डोस १०० च ठेवावा. बायोटिन थांबवावे, थायरॉक्सिन आणि चहा यांत एक तास ठेवावा, लोह व कॅल्शियम रात्रीकडे न्यावे. फेरिटिन, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर या आठवड्यातच तपासून घ्यावी, आणि फेरिटिन कमी निघाले तर रक्तस्रावाच्या कारणासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवावे, कारण गळती चालू असताना साठा भरत नाही. लोहाचा साठा भरायला तीन ते सहा महिने लागतात, तोपर्यंत केसांवरून निष्कर्ष काढू नये. टीएसएच आणि फ्री टी-४ मात्र आठ आठवड्यांनी, सकाळच्या गोळीआधी करावे, आणि तो रिपोर्ट दाखवायला जाताना गोळ्यांची बाटली बरोबर न्यावी.